ओटिलीच्या भिंती

फार फार वर्षांपूर्वी अमेरिकेत एका रुंद नदीच्या काठी विलोबेंड नावाचं गाव होतं. गाव सगळं लाकडाचं. घरं लाकडाची, दुकानं लाकडाची, चालायची वाटसुद्धा फळ्यांची. तिथे जर्मनीहून आलेला योहान नावाचा गवंडी राहायचा. बायको ओटिली, मुलगी लेना. लाकडाच्या गावात गवंड्याला काम ते कसलं? धुराडी बांधायची, एवढंच.

एका उन्हाळ्यात बेकरीतून ठिणगी उडाली आणि वाऱ्याने अख्खा रस्ता पेटला. शेजारच्या म्हाताऱ्यांना बाहेर काढायला योहान आत गेला, तो परत आला नाही. लेनाने ते डोळ्यांनी पाहिलं.

ओटिली रडली नाही, असं म्हणतात. तिने नवऱ्याची थापी उचलली. नदीकाठची तांबडी माती खणली, विटा पाडल्या, भट्टी लावली. गाव पुन्हा लाकडं रचायला लागलं तेव्हा ती दारोदार फिरली. दोन घरांच्या मध्ये विटांची जाड भिंत घ्या, छपराच्याही वर काढा, म्हणजे आग ओलांडणार नाही, असं सांगत राहिली. भिंतीत जागा जाते म्हणून लोक आधी नको म्हणाले. मग एकाने घेतली, त्याचं बघून दुसऱ्याने. भर पावसातही ती भट्टी कधी विझली नाही, असं म्हणतात.

पण लेनाला त्या जाळाकडे बघवत नव्हतं. ती खिडकीवर गोधडी टांगायची, झोपेत बापाला हाका मारायची. एक दिवस ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, विझव ना ती भट्टी."

"रस्ता पुरा होऊ दे गं. मग विझवते."

"मग मला इथे नाही राहवणार."

ओटिलीचे हात मातीने भरले होते. ती म्हणाली, "जा. भट्टी विझली की तुला बोलावते."

लेना बोटीने नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या शहरात गेली आणि शिवणकाम करून राहू लागली.

वर्षं गेली. एकच भिंत बांधायची उरली होती, तेव्हा पुन्हा आग लागली. कापडाचं दुकान पेटलं. पण भिंतीपाशी आल्यावर आग दमलेल्या जनावरासारखी खाली बसली, असं म्हणतात. दुकान गेलं, माणूस एकही गेलं नाही.

ओटिलीने शेवटची भिंत उभी केली, आपल्या हातांनी भट्टी विझवली आणि लेनाला निरोप धाडला. बोटवाला परतला तो एकटाच. निरोप पोचायच्या आधीच, त्या हिवाळ्यात लेना तापाने गेली होती. आईचा निरोप आला का, हे ती शेवटपर्यंत विचारत होती म्हणे.

ओटिली त्या शेवटच्या भिंतीला पाठ टेकून बसली, ती पुन्हा उठलीच नाही. तिथल्या विटा बर्फातही कोमट लागतात, असं म्हणतात.

आता तो रस्ता गावाने जसाच्या तसा जपलाय. तांबडी घरं आणि छपरांमधून डोकं वर काढणाऱ्या भिंती बघायला लांबून माणसं येतात. पण वर्षातून एक दिवस, ओटिलीने भट्टी विझवली त्या दिवशी, त्या रस्त्यात कुणी चूल पेटवत नाही, मेणबत्तीसुद्धा लावत नाही. भिंतीअलीकडचे लोक पलीकडच्यांना गार जेवण नेऊन देतात. संध्याकाळी गावातली सगळ्यात म्हातारी बाई सगळ्यांना घेऊन बोटीच्या धक्क्यावर जाते, नदी वाहते त्या दिशेला तोंड करते आणि म्हणते, "लेना, भट्टी विझली गं. ये आता."

आणि सगळं गाव थोडा वेळ तिथेच तिची वाट बघत थांबतं.