दोन हातांचा चाकू

फार जुनी गोष्ट. त्या राज्याचं नाव आता कोणाला आठवत नाही, आणि आठवावं असं तिथे काही उरलंही नाही.

त्या राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी एक लोहार राहत असे. तो चाकू करी, पण आयते विकत नसे. गिऱ्हाईक आलं की त्याच्या हाती ओल्या मातीचा गोळा देई आणि म्हणे, "घट्ट दाब." त्या ठशावरून तो मूठ घडवी. ज्याचा चाकू त्याच्याच हातात बसे. वाळलेले गोळे तो फळीवर जपून ठेवी.

एकदा पाणवठ्यावर दोन भाऊ भांडले. पाणी आधी कोणी भरायचं, एवढंच कारण. धाकट्याने कमरेचा चाकू उपसला आणि थोरला जिवानिशी गेला. तो चाकू लोहाराने सकाळीच करून दिला होता.

लोहाराला अन्न गोड लागेना. पुष्कळ दिवस भाता बंद राहिला. मग त्याने एक नवाच चाकू घडवला. त्याचं पातं मिटून शिंगाच्या मुठीत जाई आणि आतल्या खटक्यात अडके. एका हाताने खटका दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने पातं ओढायचं, तेव्हाच ते उघडे.

"अहो, असा अडेल कशाला केलात?" बायकोने विचारलं.

"अगं, संतापलेल्या माणसाचा एक हात समोरच्याच्या मानेवर असतो. हा उघडायचा तर मान सोडावी लागेल. तेवढ्यात तो भानावर येईल."

गावाने जुने चाकू टाकून हाच घेतला, आणि तसंच झालं. भांडणं थांबली नाहीत. माणसं आहेत, ती भांडणारच. पण मुडदे पडेनासे झाले. लांबलांबची माणसं तो चाकू मागायला येऊ लागली.

पण माणसाला सुख बोचतं. धनगर कुरकुरला, "माझ्या एका काखेत कोकरू, दुसरा हात कुठून आणू?" माळीही कुरकुरला. शेवटी राजाचा शिकारी आला आणि हसत म्हणाला, "लोहारदादा, चाकू देखणा आहे तुझा, पण म्हाताऱ्यासारखा उठायला वेळ लावतो. अंगठ्यासरशी उघडेल असा करता येत नाही वाटतं तुला?"

हे लोहाराला झोंबलं. येत नाही? त्याला? त्याने तिथल्या तिथे कानस घेऊन खटका घासला. अंगठा लागताच पातं सटकन बाहेर आलं. शिकाऱ्याने वाहवा केली.

"हा एकच हं," लोहार बायकोला म्हणाला.

"एकाचे शंभर होतील. खटका राहू द्या हो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सारा गाव दारात उभा. शिकाऱ्याचा घासला, मग आमचा का नाही? लोहार घासत बसला. वाहवा कोणाला नको असते?

पुढच्या जत्रेत एडक्यांची झुंज लागली. कोणाचा एडका आधी हटला, यावरून लोहाराचा एकुलता एक मुलगा आणि त्याचा जिवलग मित्र हमरीतुमरीवर आले. मित्राने मुलाची मान धरली. त्याचा दुसरा हात मोकळा होता.

लोहार धावत आला, तोवर सगळं संपलं होतं. मित्र त्याच्या पायांशी कोसळला. "काका, मला मारायचं नव्हतं हो! अंगठा लागला, आणि तो उघडला कधी ते मला कळलंच नाही!"

लोहाराने रक्ताने भरलेला चाकू उचलला. खटका घासलेली जागा अजून चकाकत होती.

तेरावा होताच तो नवे खटके घेऊन दारोदार फिरला. "तुमचा चाकू द्या. खटका बसवून देतो, फुकट देतो." लोक हळहळले. त्यांनी त्याला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं, पण चाकू कोणी दिला नाही. "दादा, तुझं दुःख कळतं रे. पण आम्ही काय खुनी आहोत?"

पुढच्या जत्रेत आणखी एक गेला. मग लोकांना त्याची सवय झाली.

लोहाराची भट्टी विझली ती विझलीच. तो फळीखाली बसून राही. मुलाच्या मुठीचा मातीचा गोळा काढी आणि त्यातल्या खळग्यांत आपली बोटं घालून बघी. ती बसत नसत.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: रागाच्या वाटेतला अडसर कौतुकापायी काढू नये, ती वाट आपल्याच दारावरून जाते.