पाचपैकी पाच

“मग एकालाही काही खटकलं नाही?”

शिरगुप्पे सरांनी आपल्या घरच्या खोलीत बसून गठ्ठा तिसऱ्यांदा चाळला. तीनशे ब्याऐंशी फॉर्म. इचलकरंजीतल्या तीनशे ब्याऐंशी छोट्या यंत्रमागवाल्यांनी भरलेले.

“नाही, सर.” ऋतुजाच्या आवाजातला अभिमान लपत नव्हता. “सगळ्या प्रश्नांना ‘पूर्णपणे सहमत’. पाचपैकी पाच.”

मँचेस्टरला सहा वर्षं शिकून ती गावी परतली होती ती एक वेड घेऊनच. माग चालवणाऱ्या माणसाला धंद्याचं शास्त्र त्याच्या भाषेत शिकवायचं, तेही फुकट. वर्षभर तिनं वर्ग चालवले. त्यांचा खरंच उपयोग झाला का, हे तपासणारा अहवाल सोमवारी तिकडच्या एका न्यासाकडे जायचा होता. तो पटला, तर मालेगाव, भिवंडी, विटा... दहा गावांत असे वर्ग निघणार होते. पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून सरांची सही हवी होती.

एमबीएला संशोधन पद्धती हा विषय तिला सरांनीच शिकवला होता.

कॉलेज तेव्हा मागांच्या शेडला लागून होतं. दिवसभर खटखट. सर तिच्यावर आवाज चढवून शिकवायचे. दुपारी वीज गेली की माग थांबायचे, आणि सर खडू खाली ठेवून, हळू आवाजात, सगळ्यात महत्त्वाचं तेवढं सांगून घ्यायचे. पुढे परदेशातल्या गालिचा घातलेल्या शांत वर्गात तिला त्या खटखटीच्या आठवणीनं रडू आलं होतं.

“माणसं कशी निवडलीस?”

“वर्गांच्या यादीतून चिठ्ठ्या काढून. तुम्ही शिकवलंत तसंच. चिठ्ठीत निघालेलं एकही घर सोडलं नाही. मी स्वतः गेले प्रत्येकाकडे.”

“स्वतः?”

“हो, सर.”

“म्हणजे शिकवलंसही तू, आणि कसं शिकवलं हे विचारायलाही तूच.”

“दुसऱ्या कुणाला दारातूनच वाटेला लावलं असतं, सर. मला बघून चहा टाकायचे.” ती हसली. “दत्तवाडेकाका तर पेन हातात धरून विचारत होते, ‘ताई, कुठं खूण केली म्हंजे तुझं काम हुतंय?’”

सर हसले नाहीत.

“एकाही कागदावर खाडाखोड नाही, मगदूम.”

ते अजूनही आडनावानंच हाक मारत होते. तिला क्षणभर पहिल्या बाकावर बसल्यासारखं वाटलं.

“माणसं प्रामाणिक आहेत, सर.”

“मायाळू आहेत.”

सर उठले. कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी सुतानं बांधलेला एक पिवळा गठ्ठा काढला. वर्षाच्या शेवटी शिक्षक कसे वाटले म्हणून मुलांकडून भरून घ्यायचे, ते फॉर्म. तिच्याच वर्गाचे. त्यातला एक उपसून त्यांनी तिच्यासमोर ठेवला.

फॉर्मवर नाव नव्हतं. पण हिरव्या शाईनं लिहिणारी वर्गात ती एकटीच होती.

‘विषय नीट समजला का?’ पाचपैकी पाच.

‘शिक्षकांनी कशात सुधारणा करावी?’ ‘काहीच नाही, सर.’

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले. “अजून ठेवलेत?”

“मी शिकवलेली गृहीतकांची चाचणी कळली होती तेव्हा?”

“नाही, सर.” ती खाली बघत म्हणाली. “तिकडे पहिल्या सत्रात त्यातच नापास झाले.”

“मग पाच?”

“तुमचा घसा बसायचा. तरी थांबायचा नाहीत. आम्ही... कमी कसे देणार?”

“एकोणसाठच्या एकोणसाठ जणांनी पाच दिले. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.” सरांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. “आणि पुढची सहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, जसंच्या तसं शिकवलं.”

खिडकीबाहेर एखाददुसराच माग चालू होता. पूर्वी या खोलीत समोरच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही.

“सोमवारी अहवाल गेला नाही, तर दहा गावं वर्षभर लांबतील, सर. कदाचित कायमचीच.”

“लांबतील.”

त्यांनी दुसरं काही म्हणावं म्हणून ती वाट बघत राहिली.

मग ऋतुजानं सहीचं पान हळूच आपल्याकडे ओढलं. घडी घातली. पिशवीत टाकलं.

“कुठून सुरुवात करू?”

पिवळ्या गठ्ठ्याच्या तळाशी एक कोरा फॉर्म उरला होता. सरांनी तो तिच्यापुढे ठेवला, शेजारी स्वतःचं पेन. मग खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

त्या वाकलेल्या पाठीकडे ती बघत राहिली.

“सर, तुम्ही तर आता शिकवत नाही...”

“भर.”

“आणि खोलीत आपण दोघंच...”

“नाव घालू नकोस,” सर भिंतीकडे बघत म्हणाले. “कुणी भरला, ते मला कळता कामा नये.”