मनोऱ्याचं भाडं

"पुढच्या महिन्यापासून भाडं वाढणार!" घरमालक वर्मूलेन दारातूनच म्हणाले. "या खिडकीतून आमच्या गेंट शहराचा मनोरा दिसतो. त्या देखाव्याचे पैसे वेगळे!"

पोळपाट पुसणारा वैजयंतीचा हात थांबला. नवऱ्याच्या, म्हणजे निरंजनच्या संशोधनापायी वेंगुर्ल्याहून ती बेल्जियममधल्या या शहरात आली, तेव्हापासून महागाईशी तिची रोजचीच झटापट होती. न्हाव्याचा दर ऐकून ती निरंजनचे केस घरीच कापायची. बिचारा भर उन्हाळ्यातही टोपी घालून प्रयोगशाळेत जायचा! दुकानात ती नारळ हातात घ्यायची, कानाशी हलवायची आणि उसासा टाकून परत ठेवायची. त्यात भाडं वाढलं तर गाशाच गुंडाळावा लागणार आणि निरंजनचं काम अर्ध्यावर राहणार.

"अहो, आम्ही कधी मनोरा मागितला?" ती म्हणाली. "नको आम्हाला. घेऊन जा!"

वर्मूलेन म्हणजे गल्लीतल्या निम्म्या घरांचे धनी. चिकट, हट्टी, पण शब्दाला पक्के. त्यांना चेव चढला.

"मी कशाला नेऊ? तुम्हीच घालवा, बाई! रविवारी दुपारी मी येतो. खिडकीतून मनोरा दिसला नाही, तर वाढ रद्द. दिसला, तर दुप्पट वाढ! आणि हो, पडदा ओढायचा नाही, कागद चिकटवायचा नाही, काच रंगवायची नाही!"

"आणि स्वयंपाक? तो तरी करू ना?"

"खुशाल करा!"

"मग जेवायलाच या!"

ते गेल्यावर निरंजनने कपाळावर हात मारला. "अगं, शेकडो वर्षं उभा आहे तो! पदर खोचून ढकलणार आहेस की काय?"

"तू नारळ आण," वैजयंती म्हणाली. "आणि या वेळी किंमत बघू नकोस."

रविवारी हाडं गोठवणारी थंडी पडली. वैजयंतीने सकाळपासून शेगड्या पेटवल्या. एकीवर भात रटरटत होता, दुसरीवर आमटी उकळत होती आणि मोदकपात्रातून भसाभसा वाफ निघत होती.

वर्मूलेन आत आले आणि त्यांचा चष्माच पांढरा झाला. तो पुसून ते ऐटीत खिडकीशी गेले. जुनी, एकेरी काच धुरकटून दुधासारखी झाली होती.

"मनोरा कुठाय?"

"तेच म्हणते मी! कुठाय?"

त्यांनी रुमालाने काच पुसली. मनोऱ्याचं टोक दिसलं न दिसलं, तोच पुन्हा वाफ धरली! पुन्हा पुसली, पुन्हा धरली.

"ही लबाडी आहे! वाफ आहे ही!"

"पडदा नाही, कागद नाही, रंग नाही. स्वयंपाकाला तर तुम्हीच हो म्हणालात!"

वर्मूलेननी रागारागाने खिडकी सताड उघडली. "हा बघा मनोरा!"

बोचरा वारा घरात घुसला. निरंजनची टोपी उडाली. ते कातरलेलं डोकं बघून वर्मूलेन क्षणभर मनोरा विसरले! मग त्यांचे दात वाजू लागले. वैजयंतीने शांतपणे त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"बसा ना. पोटभर बघा."

"खि-खिडकी लावा, बाई!"

"कशी लावू? लावली की मनोरा जातो, उघडली की घरातली ऊब जाते! म्हणजे मालक, तो बघायचा तर गॅस माझा जळतो. देखाव्याचे पैसे घ्यायचेच, तर ते तुमच्याकडून मी घ्यायला हवेत!"

आधी वर्मूलेनच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते असे गडगडून हसले की शेजारचे दार उघडून बघू लागले! त्यांनी स्वतःच्या हाताने खिडकी लावली.

"हरलो! वाढ रद्द! शिवाय माझ्या खर्चाने दुहेरी काच बसवतो. गॅस कमी जळेल."

"अहो, पण मग वाफ धरणार नाही. मनोरा दिसेल की!"

"दिसू दे!" तोंडात अख्खा मोदक कोंबत वर्मूलेन म्हणाले. "तो तुम्हाला बक्षीस!"