मागच्या दगडाला विचार

दगड बोलत असत, तेव्हाची गोष्ट. पोटदुखीनं कळवळणाऱ्या पिलासाठी भुऱ्या गाढव नदीपलीकडच्या वैद्याकडे निघाला.

काठावरचा मैलाचा दगड म्हणाला, “पूल सकाळीच वाहून गेला. पण घाबरू नकोस, मागच्या दगडाला वाट ठाऊक आहे. कालच सांगत होता.”

भुऱ्या मागे धावला. मागचा दगड ऐटीत म्हणाला, “सोपं आहे! काठावरच्या दगडाकडे जा, तिथून पलीकडे.”

भुऱ्या धापा टाकत पुन्हा काठावर आला. “अरे, मागच्याला विचार की!” काठावरचा दगड म्हणाला.

अशा चार खेपा झाल्यावर भुऱ्यानं विचारलं, “दादा, मागच्याला ही वाट सांगितली कुणी?”

“मीच!” दगड अभिमानानं म्हणाला.

भुऱ्यानं सरळ पाण्यात उडी घेतली. गटांगळ्या खात तो पलीकडे पोचला, तोच मागून हाक आली, “सापडली ना वाट? थांब, मागच्याला कळवतो!”