आडवी खाच

फार पूर्वी, मेंढ्या पाळणाऱ्यांच्या एका गावात एक तीरगर राहत होता. लाकडाच्या काड्या तासून तो बाण घडवायचा. बाणाच्या मागच्या टोकाला धनुष्याची दोरी बसते. तिथे खाच पाडण्याआधी तो काडी उजेडात फिरवून लाकडाच्या रेषा बघायचा. खाच रेषांना आडवीच पडायला हवी. रेषांच्या बाजूने पडली, तर दोरीचा दणका बसताच काडी उभी चिरते.

एकदा जत्रेचा ढोल वाजू लागला, आणि गावच्या मेंढ्या राखणाऱ्या राखणदाराच्या बाणांपैकी दोन काड्यांना खाचा पाडायच्या राहिल्या होत्या. तीरगराने भराभर खाचा पाडल्या.

बायको म्हणाली, "अहो, रेषा बघितल्यात का?"

"चाळीस वर्षं बघतोय. आता बोटांनाच कळतं. तू चल, नाहीतर रेवड्या संपतील."

चौथ्या दिवशी पहाटे लांडगा मेंढ्यांच्या कुंपणात शिरला. राखणदाराने बाण सोडला. बाण दोरीवरच चिरला, त्याची ढलपी राखणदाराच्या तळहातात घुसली, आणि लांडगा कोकरू उचलून पळाला.

गाव जमलं. "राखणदार म्हातारा झाला. नेम गेला," एक जण म्हणाला.

"बाण तरी बघा," दुसरा म्हणाला.

राखणदार खाली मान घालून म्हणाला, "बाणाला बोल लावू नका. तीरगर माझा लहानपणचा दोस्त. त्याचा बाण कधी फसला नाही. ओढताना माझंच चुकलं असेल."

चिरलेला बाण तीरगरानेच उचलला होता. खाच रेषांच्या बाजूने पडली होती. त्याने तो मुकाट्याने उपरण्यात गुंडाळला. पाटलाने राखणदारी दुसऱ्याला दिली.

त्यानंतर तीरगराला घास गोड लागेना. महिन्याने धीर करून तो राखणदाराच्या घरी गेला, तर दाराला कडी. राखणदार लेकीच्या गावी गेला होता. तीरगर दोन दिवस चालत तिथे पोचला. त्याने बाण दोस्तापुढे ठेवला, सगळं सांगितलं.

राखणदाराने खाचेवरून अंगठा फिरवला.

"त्याच दिवशी बोलला असतास, तर खोट माझ्यात नाही, बाणात होती हे कळून मी लगेच दुसरा बाण लावला असता," तो म्हणाला. "जखम भरली रे. पण परवा जावयाचं धनुष्य हातात घेतलं आणि हात कापायला लागला. आधी कधी कापला नव्हता."

तीरगराने गावात येऊन चारचौघांत चूक सांगितली. लोक राखणदाराला आणायलाही गेले. तो आला नाही.

तात्पर्य: आपली चूक आपण वेळीच आपल्या अंगावर घेतली नाही, तर ती दुसऱ्याच्या मनात घर करते, मग ती परत मागूनही मिळत नाही.