राखेचं ढेकूळ

फार पूर्वी समुद्रापलीकडच्या एका राजाने परका देश जिंकला. जिंकल्याबरोबर त्याने जागोजागी मातीचे उंच ढिगारे रचून त्यांवर गढ्या बांधल्या. माती वाहायला हरलेल्या गावांतलेच लोक धरून आणले. आपल्यावरच्या पहाऱ्याची सोय आपल्याच हातांनी करायचा मान त्यांना मिळाला.

राजाच्या फौजेत एक सरदार होता. त्यांच्याकडे सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई; हा घरात धाकटा, त्यामुळे वाट्याला तलवारीखेरीज काही आले नव्हते. स्वतःची जमीन मिळावी, एवढ्यासाठी तो समुद्र ओलांडून आला होता.

उत्तरेच्या मुलखाने बंड करून एक गढी पेटवली. राजा सरदाराला म्हणाला, "पुन्हा त्यांनी डोकं वर काढता कामा नये. काम चोख कर, तुला जमीन देतो."

सरदाराने घरे जाळली, उभी पिके जाळली, बैल कापले, नांगर मोडले. एका गावात बियाण्याचे कोठार पेटवताना एक म्हातारी आडवी आली.

"सरकार, आम्हाला मारायचं तर मारा, पण बियाणं राहू द्या. पुढे इथे कुणी ना कुणी राहीलच की!"

"आजी, अर्धवट काम करायची मला सवय नाही," असे म्हणून त्याने मशाल आत फेकली.

हिवाळ्यात लोकांनी कंदमुळे खाल्ली, मग कातडी उकळून खाल्ली. रस्त्यांवर प्रेते पडली, ती पुरायला माणसे नव्हती. बंड शमले. राजाला ही शांतता फार आवडली.

वसंतात दरबार भरला. जमीन देताना तिथल्याच मातीचे ढेकूळ हाती द्यायची राजाच्या लोकांत रीत होती. दक्षिणेचे हिरवे परगणे राजाच्या भावांना आधीच वाटून झाले होते. सरदाराच्या हाती आलेले ढेकूळ काळे होते आणि त्यातून राख गळत होती.

"महाराज, ही कुठली माती?"

"ओळखली नाहीस? उत्तरेचा अख्खा मुलूख तुला दिला. तुझ्याइतका तो कुणाला ठाऊक आहे!"

दरबाराने जयजयकार केला.

तो आपल्या जहागिरीत गेला. वाटेत कुठे धूर नाही, कुत्र्याचे भुंकणे नाही. जळक्या कोठाराशी तीच म्हातारी बसली होती, नुसती हाडे उरलेली. सरदार घोड्यावरून उतरला.

"आजी, पेरायला मूठभर तरी दाणे कुठे असतील का गं?"

म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिले. मग कोठारातली मूठभर राख उचलून त्याच्या हातावर ठेवली.

"नाही हो सरकार. तुम्ही काम अर्धवट कुठे सोडलं होतं?"

तात्पर्य: दयेने हात थांबत नसेल, तर जाळतो आहोत ते उद्या आपल्यालाच बक्षीस मिळेल, या भीतीने तरी तो थांबवावा.