मोटरीची पुढची पाटी

"नंबर सांग!" महाराज गरजले. "नंबर सांगितलास तर न्याय मिळेल. नाही तर राजवाड्याचं धुणं उद्यापासून दुसऱ्याच्या घरी!"

कोंडाबाई परटीण दरबारात उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत चिखलात. पायाशी धुण्याचं गाठोडं, तेही चिखलात. आणि त्या गाठोड्यात महाराजांचा दसऱ्याच्या दरबाराचा पांढराशुभ्र अंगरखा! सकाळी ओढ्यावरून धुणं घेऊन ती येत होती. समोरून एक मोटर भरधाव आली, डबक्यातून धडाडत गेली, आणि कोंडाबाई होती तिथेच मातीची मूर्ती झाली.

"सरकार, नंबर दिसावा कसा?" ती म्हणाली. "पाटी हाय मोटरीच्या मागं. मोटर आली तोंडाकडनं. तिची पाठ दिसायच्या आत माझ्या डोळ्यांत चिखल!"

दरबार हसला. महाराज हसले नाहीत.

कुंभेरी संस्थानात डझनभर मोटरी होत्या. काही महाराजांच्या, काही सरदारांच्या, पण सगळ्या एकाच छापाच्या, काळ्या कुळकुळीत. नंबराची पाटी फक्त मागे. पुढेही लावावी म्हणून दिवाणसाहेबांनी कितीदा विनवलं होतं! पण महाराज हट्टी. मोटरीच्या तोंडावरच्या पितळी जाळीवर त्यांचा भारी जीव. "त्या जाळीवर पाटी?" ते म्हणत. "नवरदेवाच्या कपाळावर पोस्टाचं तिकीट चिकटवाल का?"

"उद्या संध्याकाळपर्यंत मुदत," महाराजांनी फर्मावलं. "कुणाला विचारायचं नाही. मोटरखान्यात पाऊल टाकायचं नाही. तुझ्या डोळ्यांनी पाहिलेला नंबर हवा!"

कोंडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. चिखल आणखीच पसरला.

"सरकार, एक इचारू? हुकूम समद्यांना सारखाच न्हवं?"

"अर्थात!"

"मग राजवाड्याच्या दरवाज्यावर बी हुकूम हाय, नंबर वाचल्याबिगर मोटर आत सोडायची न्हाई. आन् यल्लाप्पा तर हॉर्न ऐकला की दार उघडतो. मी नंबर वाचायला हवा, तर उद्याच्या दिवस त्यानं बी वाचावा!"

यल्लाप्पा पहारेकरी चपापला. महाराजांनी त्याच्याकडे डोळे वटारले. "खरं की काय? यल्लाप्पा, उद्या स्वतःच्या डोळ्यांनी नंबर वाचल्याशिवाय दार उघडलंस, किंवा जागा सोडलीस, तर नोकरी गेली समज! मग मोटर कुणाचीही असो!"

"जी सरकार," यल्लाप्पा मुजरा करत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी महाराज कुस्त्यांच्या फडाला गेले. दिवस कलताना परत फिरले ते सडकून भूक लागलेले. शेजारी इब्राहिम ड्रायव्हर, पण चाक महाराजांच्याच हातात. मोटर खंदकावरच्या अरुंद पुलावरून दरवाज्याशी आली. हॉर्न वाजला. दार बंदच! पुन्हा हॉर्न. दाराची खिडकी किलकिली झाली, आणि यल्लाप्पाचं नाक बाहेर आलं.

"कोण हाय?"

"कोण हाय म्हणजे? मी!"

"आवाज सरकारांचाच हाय. पर नंबर दिसंना."

"एक नंबर! माझी मोटर एक नंबर!"

"सरकारांनी सांगायचा न्हवं, म्या वाचायचा हाय."

"मग बाहेर ये आणि वाच!"

"जागा सोडली तर नोकरी जाईल, सरकार!"

हुकूम त्यांचाच! आणि पूल एवढा अरुंद, की मोटर वळवायची सोय नाही. शेवटी मोटर उलटी मागे नेली, रस्त्यावर वळवली, आणि पुन्हा पुलावर उलटी घातली. महाराजांची मान पाठीकडे वळलेली, पगडी कानावर आलेली, मडगार्ड कठड्याला खर्रकन घासलेलं. सज्ज्यातून राणीसाहेब तोंडाला पदर लावून पाहत होत्या.

"एक नंबर!" यल्लाप्पानं मोठ्यानं वाचलं. दार उघडलं, आणि कुंभेरीचे महाराज पाठमोरे आपल्या राजवाड्यात शिरले!

आत कोंडाबाई हात जोडून उभी होती. दिवाणसाहेब आणि महाराजांचे मेहुणे मामासाहेबही होते.

"काय गं," महाराज घाम पुसत ओरडले, "सापडला नंबर?"

"न्हाई, सरकार. खुद्द सरकारांची मोटर दाराशी उभी व्हती, हॉर्न वाजवत व्हती, तरी सरकारांच्या पहारेकऱ्याला वाचता आला न्हाई. मग धावत्या मोटरीचा मला कसा वाचता यावा?"

महाराज एकदम वळून म्हणाले, "इब्राहिम! काल सकाळी ओढ्याकडे कोणाची मोटर गेली होती?"

इब्राहिम आभाळाकडे पाहू लागला.

"बोल!"

"हुजूर... आपलीच. चाक आपल्याच हातात होतं. वेगाच्या नादात ओढा कधी मागे पडला ते आपल्याला कळलंच नाही."

महाराजांचा चेहरा पडला. त्यांनी हळूच कोंडाबाईकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"झुपकेदार मिशा दिसल्या व्हत्या, सरकार."

"मग भर दरबारात बोलली का नाहीस?"

"सरकारांनी नंबर इचारला व्हता. मिशा न्हाई!"

महाराज असे खो खो हसत सुटले, की त्याच मिशा थरथरू लागल्या!

"दिवाणसाहेब, सगळ्या मोटरींना पुढे पाटी ठोका! पहिली माझ्या मोटरीला. आणि ओढ्यावर कोंडाबाईला दगडी घाट बांधून द्या, तिथून राजवाड्यापर्यंत फरसबंदी रस्तासुद्धा. धुणं तिच्याच घरी राहील!"

मामासाहेबांचा चेहरा आंबट झाला. "पण महाराज, आमच्या नव्या मोटरीची सगळी शोभा जाईल! निदान आमच्यासारख्या मोजक्या लोकांना तरी सूट द्या."

महाराज मिशीला पीळ देत म्हणाले, "हे कोंडाबाईलाच विचारू. काय गं, पुढच्या पाटीतून कोणाला सूट द्यायची?"

"द्या की, सरकार!" कोंडाबाई म्हणाली. "जी मोटर जन्मभर उलटीच चालंल, तिला पुढची पाटी कशाला?"

महाराज पोट धरून मोटरीच्या पायरीवर बसले. आणि मामासाहेबांनी मुकाट्यानं आपली मोटर पाटी ठोकायला पाठवली.